कपड्यावरून मोजलेला हात

रविवारी सकाळचा चहा झाला की जयवंतराव घाडीगावकर स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल बाहेरच्या खोलीत आणून भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवत. प्रेमा त्यावर बसे. मग ते कपाटातून एक लांबट कापडी पिशवी काढत. ती प्रेमानेच कधीकाळी शिवलेली, उरलेल्या ब्लाउजपीसची, आतून मऊ अस्तर लावलेली. पिशवीत स्टीलचा गोनिओमीटर असे. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी खीळ आणि खिळीभोवती अंशांची तबकडी. सांधा किती वाकतो, किती उचलला जातो, ते मोजायचं हे साधन. पालिकेच्या इस्पितळात फिजिओथेरपीच्या नोकरीत जयवंतरावांनी या पट्ट्या किती गुडघ्यांना, कोपरांना आणि खांद्यांना लावल्या असतील याची गणती नव्हती. निवृत्त झाल्यावर पिशवी कपाटात गेली ती गेलीच. ती पुन्हा काढावी लागेल, आणि तीही प्रेमासाठी, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"झालं का? स्टूल टोचतंय मला," प्रेमा म्हणाली.

"पाठ सरळ. हात बाजूने वर न्यायचा. जमेल तिथे थांबायचं."

"दर रविवारी तेच सांगता."

"दर रविवारी तेच सांगायचं असतं."

प्रेमाने डावा हात हळूहळू बाजूने वर उचलायला सुरुवात केली. जयवंतराव तिच्या मागे उभे होते. तिच्या अंगावरच्या घोळदार गाऊनवरूनच त्यांनी खांद्याचं टोक चाचपलं, तिथे खीळ टेकवली, एक पट्टी ओळंब्यासारखी सरळ खाली धरली, दुसरी दंडाच्या रेषेत आणली. मग मान वाकडी करून तबकडी वाचली.

"किती?"

"एकशे सतरा."

"मागच्या वेळी एकशे तेरा होता ना?"

"तेरा."

जयवंतराव आकडे सांगताना आवाज कोरडा ठेवत, पण पट्ट्या पिशवीत घालताना त्यांच्या तोंडून बारीक शीळ निघे. प्रेमा ती शीळ ऐकायची आणि मग गाऊनची कॉलर सारखी करत उठायची.

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत सगळ्यांना हा आकडा ठाऊक असे. समोरच्या दारातल्या वनमाला मालवणच्या. चाळीस वर्षं मुंबईत राहूनही त्यांची भाषा गावचीच. रविवारी दहाच्या सुमारास त्या दारातून हाक मारत, "काय गो प्रेमा, हात खंयपर्यंत इलो?"

"एकशे सतरा."

"मगे आता तीनच रवले. पेढे हाडून ठेव."

तीनच राहिले होते ते एकशेवीसला. प्रेमाच्या डाव्या बाजूचा स्तन काढला होता, काखेतल्या गाठींसकट. नंतर केमो झाली, केस गेले, आता टाळूवर बारीक पांढरी लव आली होती. पुढची पायरी रेडिएशनची. त्यासाठी बाईला एका कठीण फळीवर उताणं झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्याच्या वर नेऊन खोबणीत ठेवतात आणि तो तिथे न हलता राहावा लागतो. हात आड आला तर किरण नेमके जागेवर पडत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, साधारण एकशेवीस अंश तरी हात यायला हवा, आणि तोही लवकर, कारण केमो संपल्यावर फार दिवस मध्ये जाऊ देता येत नाहीत. हे ऐकून घाबरायच्या ऐवजी जयवंतरावांना धीरच आला होता. आयुष्यभर माणसांचे अडलेले सांधे सोडवण्याचंच तर काम त्यांनी केलं होतं. बाकी सगळं डॉक्टरांच्या हातात, पण खांदा आपल्या हातात, असं त्यांनी धरून ठेवलं.

त्यांनी नियमही सगळे पाळले. इस्पितळात शिकायला येणारी मुलं त्यांना घाडी सर म्हणत आणि पाठीमागे त्यांची नक्कल करत. नकलेत दोन वाक्यं हमखास असत. एक, "मोजणारा तोच, वेळ तीच, बसणं तेच." आज एकाने मोजलं, उद्या दुसऱ्याने, एकदा बसवून, एकदा झोपवून, तर आकडा वाढला तो पेशंटचा की मोजणाऱ्याचा, हे कळायचं कसं? आणि दुसरं वाक्य, "कपड्यावरून मोजायचं नाही." कपड्याखाली हाड कुठे आहे ते अंदाजाने धरलं जातं, आणि पेशंट कंबरेतून कलला तर दिसत नाही. तोंडी परीक्षेत एका मुलीने शर्टावरून खांदा मोजला म्हणून त्यांनी तिला नापास केलं होतं. ती रडली, तरी केलं.

पहिलं वाक्य त्यांनी प्रेमाच्या बाबतीत अगदी काटेकोर पाळलं. दुसरं पाळता आलं नाही.

ऑपरेशननंतर टाके निघाले त्या आठवड्यात ते सहज म्हणाले होते, "गाऊन जरा सरकव गं, खांद्याची पात बघू दे." प्रेमाने गळ्याशी कॉलर मुठीत धरली आणि म्हणाली, "नको." एवढंच. ते लगेच म्हणाले, "बरं, बरं," आणि मागे सरले. बायका या गोष्टीने किती खचतात ते त्यांनी वाचलं होतं, पाहिलंही होतं. तिला वेळ द्यायला हवा, असं त्यांनी ठरवलं. जखमेचं तीच बघायची, दार लावून. ऑपरेशनच्या आधीच तिने मशीनवर बसून स्वतःसाठी तीन गाऊन शिवून ठेवले होते, पुढून बटणांचे, भरपूर घेराचे. इमारतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवणारी ती. आपल्याला आता काय लागणार आहे ते तिला आधीच कळलं होतं. त्या घेरात तिचा पाठीचा कणा कुठे आहे ते दिसत नसे. म्हणून जयवंतराव पट्टी कण्याच्या रेषेत धरायच्या ऐवजी सरळ खाली धरत. हरकत नाही, ते स्वतःला सांगत, दरवेळी तशीच धरतोय ना.

पुढच्या रविवारी आकडा एकशे बावीस आला. वनमालांनी पेढ्यांची वाट न बघता स्वतःच सोलकढी आणून दिली. दोन दिवसांनी इस्पितळाची तारीख होती.

इस्पितळात त्या खोलीच्या बाहेर बाकावर जयवंतराव पुस्तक उघडून बसले होते. पान उलटलं जात नव्हतं. बऱ्याच वेळाने दार उघडून एक तरुण तंत्रज्ञ बाहेर आला. छातीवर सर्वेश अशी पट्टी होती.

"काका, जरा आत येता? काकूंचा हात येत नाहीये."

आत थंड होतं. प्रेमा फळीवर उताणी होती, गळ्यापर्यंत हिरवी चादर. डावा हात अर्ध्यावर हवेत अडला होता, खोबणी त्याच्यापासून वीतभर लांब. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"असं कसं होईल?" जयवंतराव म्हणाले. "एकशे बावीस येतो. परवाच मी स्वतः मोजलाय. मी याच कामात होतो."

"असेल काका," सर्वेश अगदी मऊपणे म्हणाला. "पण इथे यायला पाहिजे ना."

"तुमची फळी चढती आहे. त्याने फरक पडतो."

"फळी सगळ्यांना हीच असते."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी प्रेमाचा हात धरून हळूच वर नेऊन पाहिला. प्रेमाच्या घशातून एक आवाज निघाला, तो तिने लगेच गिळला. बाईंनी हात खाली ठेवला. म्हणाल्या, पंधरा दिवस देते, त्याच्या पुढे थांबायला जागा नाही. हात खाली ठेवूनही रेडिएशन देता येतं, पण मग किरण फुफ्फुसात नको तेवढे जातात आणि काखेजवळचा भाग नीट मिळत नाही. तशी वेळ यायला नको.

टॅक्सीत प्रेमा म्हणाली, "सॉरी हं."

"तू कशाला सॉरी? फळीच तशी आहे त्यांची. त्यांना कळत नाही." विक्रोळी गेली, भांडुप आलं, तरी ते फळीबद्दलच बोलत होते. प्रेमा खिडकीतून बाहेर बघत राहिली.

त्यांची एक विद्यार्थिनी श्रुतिका घाटकोपरला स्वतःचं क्लिनिक चालवत असे. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. तीन खाटा, दोन पडदे आणि एक सायकल एवढ्यात ते भरून जाई. जयवंतराव तिच्याकडे गेले ते उपचारासाठी नव्हे. आपला आकडा बरोबर आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

"सर, तुम्ही बसा. मी बघते काकूंना," श्रुतिका म्हणाली.

"बसवून घे. आम्ही बसवूनच घेतो. उगीच फरक नको."

"आधी झोपवून बघते सर. तिथे झोपूनच लागणार आहे ना हात?"

पडदा ओढला गेला. ते बाहेर खुर्चीवर बसून भिंतीवरच्या तक्त्यातले स्नायू बघत राहिले. आतून श्रुतिकाचा आवाज आला, "काकू, गाऊन काढावा लागेल हं." जयवंतरावांनी कान टवकारले. आता प्रेमा नको म्हणेल. ती काही म्हणाली नाही. बटणांची, कापडाची सळसळ तेवढी ऐकू आली. मग दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि प्रेमा चक्क हसली. जयवंतरावांनी तक्त्यावरची नजर काढून खाली फरशीकडे नेली.

श्रुतिका बाहेर आली. "सर, एकशे एक येतोय."

"प्लास्टिकचा ना तुझा? खीळ सैल झाली असेल."

"तुमचाच घेतला सर. काकूंनी पर्समधून काढून दिला."

प्रेमा गाऊन घालून बाहेर आली. जयवंतरावांनी तिला स्टुलावर बसवलं, मागे उभे राहिले, मोजलं. एकशे बावीस. हात खाली करवून पुन्हा मोजलं. एकशे बावीस. तिसऱ्यांदाही तोच.

"बघ. तीनदा तोच आला की नाही?"

श्रुतिका बोटातली अंगठी फिरवत उभी होती. "तीनदा तोच येणार सर," ती म्हणाली. "तीनदा तसंच मोजलंत."

मग तिने प्रेमाच्या उजव्या कुशीवर एक तळवा ठेवला, दुसरा डाव्या खांद्याच्या पातीवर. "काकू, आता उचला." हात निघाला, निम्म्याच्या जरा वर गेला आणि थांबला. प्रेमाची कंबर श्रुतिकाच्या तळव्यावर रेलली होती. कलायला जागा मिळत नव्हती म्हणून हातही जात नव्हता. हे सगळं गाऊनच्या आत चाललं होतं. जयवंतरावांना ते आता दिसलं, आणि एकदा दिसल्यावर आजवर कसं दिसलं नाही हेच कळेना. पहिल्या वर्षाच्या पोराला दिसलं असतं.

त्यांनी गोनिओमीटर पिशवीत घातला.

निघताना श्रुतिका त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "जखम छान भरलीय सर. फक्त काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली ते ताठ दोर आलेत ना, ते रोज हाताने सोडवायला लागतील. हात त्यांनीच धरून ठेवलाय. तुम्ही बघितले असतीलच."

"हो," जयवंतराव म्हणाले. "बघितलेत."

घरी आले तेव्हा वनमाला दारातच होत्या. "काय गो, काय म्हणालो डॉक्टर?"

"नंतर सांगते वनमाला," प्रेमा म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी तिने डाळभात लावला. जयवंतराव स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"कधीपासून कलतेस?" त्यांनी विचारलं.

प्रेमाने गॅस बंद केला. "एका रविवारी आकडा उतरला होता, आठवतं? तुम्ही दुपारी जेवला नाहीत. पुस्तक घेऊन बसलात नि रात्रीपर्यंत त्याच पानावर. पुढच्या रविवारी मी कंबर जरा सोडली. तुम्ही शीळ घालत मासळी आणायला गेलात."

"आणि मग?"

"मग काय. एकदा कललं की पुढच्या वेळी तेवढं तरी कलावंच लागतं."

जयवंतरावांची नजर तिच्या कंबरेकडे गेली.

"टेप लावला की बायका पोट आत ओढतात," प्रेमा म्हणाली. "सगळ्या. वनमालासुद्धा. मी कधी बोलले नाही कुणाला. आतल्या शिवणीत इंचभर कापड जास्तीचं ठेवून द्यायची. महिन्याभराने यायच्याच, घट्ट होतंय म्हणत. तेव्हा उसवून सोडून द्यायची. मला वाटलं, तुम्हीही तसं ठेवलं असेल. तुम्हाला काय कळत नाही? तुम्ही आत मोजून धरलं असेल, असं वाटलं."

"मी नाही ठेवलं काही."

"ते कळलं मला त्या फळीवर."

ती ताटं घ्यायला वळली. उजव्या हाताने एकेक ताट काढून ओट्यावर ठेवू लागली. डावा हात पोटाशी दुमडलेला. असा तो हल्ली नेहमीच असे, आणि जयवंतरावांना वाटे, सवय लागली असेल.

"काखेत दोर आलेत. मला सांगायचं नाहीस?"

"दाखवल्याशिवाय काय सांगणार?"

"तूच नको म्हणालीस."

प्रेमा थांबली. "म्हणाले," ती म्हणाली. "एकदा. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत कुठे?"

जयवंतराव चौकटीतून आत आले. तिला वेळ द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं, हे खरं होतं. पण त्या दिवशी तिने कॉलर मुठीत धरली तेव्हा आपल्याला आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं होतं. हजारो उघडी अंगं बघितलेला माणूस एका अंगाला भ्यायला. तिने त्यांच्या 'बरं, बरं'मध्ये ते ऐकलं असेल. ती मापं घेणारी बाई. कोण कुठे आखडतं ते तिला कळणारच.

"मला वाटलं, तुम्हाला नसेल बघवत," ती ताटांकडे बघत म्हणाली. "मग मीच झाकून ठेवलं."

"बघू का?" जयवंतराव म्हणाले. "दुसऱ्यांदा विचारतोय."

"आता? भात थंड होईल."

"होऊ दे."

त्यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. प्रेमा भिंतीचा आधार घेत बसली, मग आडवी झाली. वरची तीन बटणं तिने एका हाताने काढली. "खालची तुम्ही काढा," ती म्हणाली. "हात पोचत नाही."

जयवंतरावांनी काढली. गाऊन बाजूला झाला. छातीच्या डाव्या बाजूला सपाट, जरा खोलगट कातडी होती आणि तिच्यावरून काखेकडे तिरपी गेलेली जांभळट रेघ, एका टोकाशी चुणी पडलेली. फार काही भयंकर नव्हतं. त्याहून कितीतरी वाईट त्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"शिवण बरी नाही ना?" प्रेमा वर छताकडे बघत म्हणाली. "टोकाला चुणी ठेवलीय. मी असते तर उसवून परत घातली असती."

"बरी आहे," जयवंतराव म्हणाले. "भरलीय चांगली."

त्यांनी तिचा हात थोडा बाजूला नेला तशा काखेतल्या त्या दोऱ्या वर आल्या. कातडीखाली ताणलेल्या दोन तारा, काखेतून दंडावरून कोपराच्या आत गेलेल्या. नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. त्यावर बोट ठेवताच प्रेमाने ओठ दाबले. सुरुवातीलाच हे पाहिलं असतं तर रोज अर्धा तास हाताने सोडवून एव्हाना त्या गेल्या असत्या. हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला आणि तो थांबवता येईना.

मग त्यांनी शिकवल्यासारखं मोजलं. कणा सरळ, पात तळव्याखाली, खीळ हाडावर, पट्टी छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत. हात जाईल तिथवर गेला. तबकडी वाचायची वेळ आली तेव्हा ते थांबले. आपल्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. एकशे बावीस वाचणारे हेच डोळे. त्यांनी तबकडी प्रेमाकडे फिरवली.

"तू वाच."

"माझा चष्मा द्या."

चष्मा लावून तिने मान वळवली, डोळे बारीक केले. "नव्याण्णव."

"श्रुतिकाला एकशे एक आला होता."

"तिच्यासमोर जरा दम लावला होता. नवी पोरगी, तिला काय वाटेल."

जयवंतरावांच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "दुखतं?"

आजवर दर रविवारी तो प्रश्न विचारला जायचा आणि प्रेमा नाही म्हणायची. "खूप," ती म्हणाली. "रात्री जास्त."

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ सतरंजी पडू लागली. जयवंतराव बोटांना तेल लावून त्या दोऱ्या हळूहळू ताणत, सोडत, पुन्हा ताणत. प्रेमा आता ओठ दाबत नसे. दुखलं की ओरडे, आणि ओरडण्यात एकदोन मालवणी शिव्याही असत, ज्या जयवंतरावांनी लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. एकदा तिची किंकाळी ऐकून वनमाला धावत आल्या. दार उघडंच होतं. आतलं बघून त्या उंबऱ्यावरच थबकल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"ये गं," प्रेमा म्हणाली. "बघायचं तर बघ."

वनमाला आल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या, आणि तिचा उजवा हात धरून ठेवला. जयवंतराव काम करत राहिले. जाताना वनमालांनी विचारलं, "हात खंयपर्यंत इलो आता?"

"एकशे चार."

"अगो, तू एकशे बावीस सांगलेलंस."

"ते चुकलं होतं."

एक दोरी एका सकाळी बोटाखाली टचकन सुटली. त्या दिवशी आकडा एकदम पुढे गेला आणि दोघंही बराच वेळ बोलत राहिली, हे असंच चाललं तर जमेल म्हणून. दुसरी सुटली नाही. तिला जास्त दिवस झाले होते, ती तिथेच घट्ट झाली होती. जयवंतरावांना बोटांना कळत होतं ते. ताणली तर ताणली जात होती, पण सोडत नव्हती. त्यांनी प्रेमाला तसं सांगितलं. तिने मान हलवली.

पंधरा दिवस संपले तेव्हा हात एकशे अकरावर होता. इस्पितळात ते पुन्हा त्या बाकावर बसले. या वेळी पुस्तक आणलं नव्हतं. दार उघडलं आणि प्रेमाच बाहेर आली, इस्पितळाचा अंगरखा घालून, एक बंद मागे लोंबत होता.

"नाही पुरला," ती म्हणाली.

मागून डॉक्टरीणबाई आल्या. हात खोबणीच्या अगदी जवळ जातोय, पण तिथे राहत नाही, थरथरतो, म्हणाल्या. आता आणखी थांबणं बरं नाही, हात खाली ठेवूनच देऊ. फुफ्फुसाची जमेल तेवढी काळजी घेऊ. काखेचं जमेल तेवढं. त्या 'जमेल तेवढं' दोनदा म्हणाल्या. महिनाभर आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. जयवंतरावांनी ते त्यांच्यासाठी मनात म्हणून घेतलं, तेव्हाही आणि नंतरही पुष्कळदा.

रेडिएशन सुरू झालं आणि संपलं. प्रेमाच्या छातीवरची कातडी काळवंडली, मग सोलपटली. जयवंतराव तिथे मलम लावत, अगदी बोटाच्या टोकाने. रात्री ती कोरडं खोकायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बघू, काही दिवस थांबून छातीचा फोटो काढू.

त्यानंतरच्या रविवारी चहा झाल्यावर जयवंतरावांनी कपाटातून पिशवी काढली. सतरंजी टाकली. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होती.

"आता कशाला मोजायचंय? झालं ना सगळं."

"असंच."

ती येऊन आडवी झाली. वरची तीन बटणं तिने काढली, खालची त्यांनी. पात तळव्याखाली घेतली, हात वर नेला. त्यांनी तबकडी तिच्याकडे फिरवली.

"चष्मा आत राहिलाय," प्रेमा म्हणाली. "तुम्हीच वाचा."

जयवंतरावांनी वाकून वाचलं. "एकशे सहा."

"अकरा होता ना?"

"अकरा होता."

"म्हणजे उतरला."

"उतरला."

त्यांनी पट्ट्या बाजूला ठेवल्या. हात अजून त्यांच्या हातात वरच होता. समोरून वनमालांची हाक आली, आज आकडा किती म्हणून. जयवंतराव हात खाली आणायला लागले तशी ती म्हणाली, "राहू द्या थोडा वेळ. दुखतंय, पण राहू द्या."